पिवळं कार्ड देवघरात

मागच्या अंकात कुणीतरी विचारलं होतं, बाहेरून येणारी काजू बी नेमकी कुठून येते? मी उत्तरात पश्चिम आफ्रिकेतल्या घानाचं नाव घेतलं आणि जाता जाता लिहून गेलो की तिथं मी बारा हंगाम काढलेत. झालं. संपादकांनी माझ्याकडे पत्रांची पिशवीच पाठवून दिली. बियांबद्दल एक प्रश्न नाही. कुणी घानाला जायचं म्हणतंय, तर घरातलं कुणी निघालंय म्हणून कुणाची झोप उडालीय. तेव्हा या खेपेला फक्त घाना. मी ना डॉक्टर, ना वकील. वेंगुर्ल्यातल्या एका व्यापाऱ्यासाठी २००६ ते २०१७ दर फेब्रुवारीत घानाच्या राजधानीत, अक्राला, उतरायचं, बी तपासायची, बोटीत चढवायची आणि मे संपता संपता घरी यायचं, एवढंच माझं त्या देशाचं शिक्षण.

शिरोड्याजवळचे एक तरुण कारखानदार विचारतात: वडिलांचा काजू फोडायचा छोटा कारखाना आहे. दलालामार्फत आलेल्या घानाच्या बीत गेल्या वर्षी बराच माल डागी निघाला. यंदा फेब्रुवारीत स्वतः जाऊन बघावं म्हणतो. व्हिसा, लस काय लागतं? आणि जिवाला धोका कितपत?

पत्रात वय सव्वीस लिहिलंयस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको.

आधी लस, कारण बाकीची कामं धावपळ करून उरकता येतात, हिला मात्र तिचा वेळ द्यावाच लागतो. नऊ महिन्यांवरच्या प्रत्येक माणसाकडे घानात उतरताना पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या लशीचं पिवळं कार्ड असावं लागतं. ही लस आपल्या नाक्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमून दिलेली केंद्रं आहेत. मुंबईत विमानतळाचं आणि बंदराचं आरोग्य कार्यालय आहे. आपल्याला जवळचं म्हणजे गोव्यातलं मुरगाव बंदराचं. आधी फोन करून दिवस विचार. एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि कुपी फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून ते माणसं जमवून ठरलेल्या वारीच टोचतात. असाच उठून वास्कोला गेलास तर बांगडे खाऊन परत येशील. टोचल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं. पूर्वी दर दहा वर्षांनी पुन्हा टोचून घ्यावं लागायचं. जुलै २०१६ पासून एकदा घेतली की जन्मभर चालते. कार्डावरचं नाव आणि पासपोर्टचा नंबर अक्षर न् अक्षर जुळतो का, ते त्या टेबलासमोर उभा असतानाच बघ. एसटीत बसल्यावर नको.

हे कार्ड जाताना लागतं त्याहून परत येताना जास्त लागतं. हे मी सहा दिवस मोजून शिकलोय. पीतज्वर आपल्या देशात नाही, पण तो पसरवणारा डास, तोच डेंग्यूवाला, आपल्या टायरांत आणि पिंपांत मुबलक आहे. म्हणून तिकडून कार्डाशिवाय आलेल्या माणसाला सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतं. २०११ च्या मे महिन्यात अक्रात बोटीचे कागद करताना मी पासपोर्ट आणि कार्ड झेरॉक्सला दिलं. पासपोर्ट आठवणीने परत घेतला. कार्ड मशीनच्या झाकणाखालीच राहिलं. मुंबईत इमिग्रेशनच्या रांगेआधीच आरोग्यवाल्यांचं टेबल असतं. तिथं खिसे उलटे केले, बॅग उलटी केली, काही उपयोग नाही. मग मच्छरदाणी लावलेली एक खाट, जाळीची खिडकी आणि खिडकीबाहेर एक बदामाचं झाड. तिसऱ्या दिवशी पुतण्याचं लग्न. मंगलाष्टकं फोनवर ऐकली. तिकडून "सावधान" ऐकू आलं तशा इकडे ताप बघायला आलेल्या नर्सबाईंना हसू आवरेना. तेव्हापासून आमच्या घरी नवं काढलेलं कार्ड कपाटात नाही, देवघरात असतं, टाकांच्या खाली. निघताना देवाला हात जोडले की हाताला लागतंच. तुझ्या आईला सांग, तीही अशीच जागा शोधील.

व्हिसा दिल्लीतल्या घानाच्या उच्चायोगाकडून. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक असू दे. परतीचं तिकीट, राहण्याची सोय, पिवळ्या कार्डाची प्रत आणि तिथल्या कंपनीचं निमंत्रणपत्र तयार ठेव. ज्याने निमंत्रण दिलं त्याच्या ओळखपत्राची प्रतही जोड. पत्रावर "व्यवसायासाठी" असेल तर अर्जातही व्यवसायच लिही, पर्यटन नको. यादी अधूनमधून बदलते. उच्चायोगाच्या पानावर आहे ती धर, सावंतवाडीच्या एजंटाने तीन वर्षांपूर्वी छापून घेतलेली नको.

आता ज्यात भले भले फसतात ती गोष्ट. व्हिसावर तीन महिने लिहिलंय म्हणजे तीन महिने राहता येतं असं मुळीच नाही. ती मुदत आत शिरायची. किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी शिक्का मारताना ठरवतो आणि हाताने आकडा लिहितो. तो आकडा खिडकीसमोरच वाच. एकदा माझ्या शिक्क्यात तीस दिवस होते आणि काम साठ दिवसांचं. मी नम्रपणे बोटीची तारीख दाखवली, अधिकारीण बाईंनी "तुम्ही लवकर का नाही बोललात?" म्हणत आकडा बदलून दिला. बाहेर पडल्यावर तेच काम इमिग्रेशन कार्यालयात अर्ज, फी आणि दोन सकाळी घालवून करावं लागतं. मुदत उलटून राहिलास तर दंड.

धोक्याचं विचारलंस. तुला जायचंय तो काजूचा पट्टा म्हणजे टेचिमान, वेंची आणि आयव्हरी कोस्टच्या सीमेला टेकलेलं साम्पा. शांत मुलूख आहे. बंदुकांच्या बातम्या येतात त्या पार ईशान्येच्या टोकाच्या. बावकू शहरात कुसासी आणि माम्प्रुसी या दोन जमातींचा गादीवरून जुना वाद पेटत असतो, आणि वर बुर्किना फासोच्या सीमेपलीकडे जिहादी टोळ्या आहेत. तिकडे तुझं काहीच काम नाही. कुणी म्हणालं "वर बी स्वस्त आहे", तर म्हणू दे.

मला विचारशील तर भीती रस्त्याची. अक्रा ते कुमासी अडीचशे किलोमीटर, टेचिमान त्याच्याही पुढे, आणि हे अंतर लोक रात्री कापतात. लाकडाचा ट्रक बिघडला की मागचा दिवाही न लावता आहे तिथेच उभा. खूण म्हणून रस्त्यावर चार हिरव्या फांद्या टाकलेल्या, आपल्या आंबोली घाटात टाकतात अगदी तशा. फांदी दिसली की आपल्या ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, तसाच तिथल्याचाही. पण ती दिसायला उजेड पाहिजे ना! डिसेंबर ते फेब्रुवारी सहारातून हरमाटान नावाचा वारा येतो, बारीक धूळ घेऊन. सकाळी आठ वाजता धुकं असल्यासारखं होतं आणि ओठ फुटतात. माझा नियम एकच होता: सूर्य मावळायच्या आत मुक्काम, मग बोट चुकली तरी चालेल. आणि रस्ता ओलांडताना डावीकडे आधी बघ. १९७४ पर्यंत तेही आपल्यासारखे डाव्या बाजूने चालवायचे, मग एका दिवसात बाजू बदलली. आपली मान मात्र सवयीने उजवीकडेच वळते.

रोख पैसे अंगावर बाळगू नकोस. हंगामात त्या भागात नोटांच्या पिशव्या फिरतात हे चोरांनाही ठाऊक असतं. तिथं सगळा गाव "मोमो"वर चालतो, म्हणजे मोबाइलवरचे पैसे; खायचे मोमो नव्हेत. पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घे. डॉलर बँकेत किंवा परवानाधारक दुकानातच बदल, विमानतळाबाहेर "ब्रदर, गुड रेट" म्हणणाऱ्याकडे नको. दहा हजार डॉलरांवर रोख असेल तर उतरतानाच जाहीर करावी लागते. बाजारात बाई कांद्याला लाखांत भाव सांगेल, घाबरू नकोस. २००७ मध्ये त्यांनी आपल्या चलनाची, सेडीची, चार शून्यं उडवली, पण जुनी माणसं अजून जुन्याच सेडीत बोलतात. आमची आजी शेवटपर्यंत आणे म्हणायची, तसं.

आणि झाडाखाली काटा टांगून स्वतः बी घ्यायला बसू नकोस. तू बघायला, बोलायला आणि करार करायला गेलास. तिथल्या वृक्षपिकांच्या प्राधिकरणाचं कार्यालय कुमासीत आहे. परवाने तेच देतं, शेतकऱ्याला द्यायचा किमान भावही तेच ठरवतं. परवाना असलेल्या स्थानिक खरेदीदाराला पुढे कर.

तुझ्या डागी मालाचं सांगतो, प्रश्न नसला तरी. घरून एक चांगला अडकित्ता आणि ग्रॅमचा काटा ने. पोतं वरून, मधून, तळातून उपसून एक किलो काढ. आधी दाणे मोज. एकशे नव्वदच्या आसपास भरले तर ठीक, सव्वादोनशे भरले तर बी बारीक. मग एकेक उभी काप. चांगला गर एकीकडे, डागी एकीकडे, सुरकुतलेला आणि पोकळ एकीकडे. व्यापार चालतो ऐंशी किलोच्या पोत्यामागे चांगला गर किती पौंड, या आकड्यावर. गोदामवाला नेहमी दाराजवळच्या थप्पीतलंच पोतं पुढे करतो. तू हसून भिंतीकडचं माग. माझ्या पहिल्या हंगामात मी लाजेने मागितलं नाही, आणि टेमा बंदरात कंटेनर उघडला तेव्हा भिंतीकडच्या पोत्यांना आंबूस वास येत होता. ओल आठ-दहा टक्क्यांच्या वर असली की महिनाभराच्या समुद्रप्रवासात बी घामेजते. दलाल चोर असेलच असं नाही. भिंतीकडचं पोतं त्यानेही बघितलं नसेल.

कुडाळहून एक आई लिहितात: मुलगा टेमा येथे नोकरीला निघाला आहे. आफ्रिका म्हटलं की रोगराई, असं सगळे म्हणतात. रात्री झोप नाही. त्याच्यासोबत काय काय देऊ?

वहिनी, २०१४ साली इबोलाची साथ आली तेव्हा आमच्या आळीतल्या लोकांनी मी परतल्यावर आठ दिवस आमच्याकडचं दूध घेतलं नव्हतं. साथ होती गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनला. त्यावेळी घानात एकही रुग्ण सापडला नव्हता. रत्नागिरीत साथ आली म्हणून कारवारच्या माणसाला वाळीत टाकावं, तसला प्रकार.

तुम्ही घाबरायचंच असेल तर हिवतापाला घाबरा. तिथला मलेरिया जहाल जातीचा, फाल्सिपेरम, आणि सबंध देशात बारा महिने. डॉक्टरांकडून प्रतिबंधक गोळ्या लिहून घ्या. कुठल्या, हे त्याच्या तब्येतीप्रमाणे तेच ठरवतील. पण एवढं लक्षात ठेवा की त्या जायच्या आधी सुरू होतात आणि परत आल्यावरही चालू ठेवाव्या लागतात. पोरं विमानातून उतरली की पाकीट फेकतात. नोकरीला कायमचा राहणार असेल तर वर्षानुवर्षं गोळ्या कुणी खात नाही. मग औषध लावलेली मच्छरदाणी, संध्याकाळी पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासणी. तिथल्या दवाखान्यांना याची सवय आहे. मला वेंचीत ताप आला तेव्हा बोटातून थेंबभर रक्त घेऊन पंधरा-वीस मिनिटांत निदान केलं, संध्याकाळी गोळ्या सुरू, चौथ्या दिवशी मी गोदामात.

खरी फजिती झाली ती इथे. मे २०१७ मध्ये घरी आल्यावर दहा-बारा दिवसांनी थंडी वाजून ताप. पहिल्या पावसाचे दिवस, मी अनवाणी पायांनी शेतात गेलेलो, म्हणून आधी लेप्टो समजले. मग काजूच्या बागेत गेलो होतो कळल्यावर माकडतापाची शंका, कारण तेव्हा दोडामार्ग, बांद्याकडे त्याची भीती होतीच. मी अंगातल्या तापाने अर्धा बेशुद्ध, "आफ्रिकेतून आलोय" हे सांगायचंच राहिलं. तिसऱ्या दिवशी बायकोला आठवलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. तेव्हा वहिनी, मुलगा सुट्टीवर आला आणि नंतर काही महिन्यांत कधीही ताप आला, तर दवाखान्याच्या दारात पाय ठेवता ठेवता "हा घानाहून आलाय" असं सांगा. नाव, गाव, वय नंतर.

सोबत काय द्यायचं? गोडा मसाला, मालवणी मसाला, आमसुलं. तांदूळ, डाळ, हळद अक्रात मिळते. तिथं सिंधी दुकानदार तीन-चार पिढ्यांपासून आहेत. मासे देऊ नका, तो माशांच्या गावातच चाललाय. तिथं शितो नावाची काळी चटणी असते, सुकी मासळी आणि सुकट घालून तेलात परतलेली. पहिल्यांदा चाखली तेव्हा क्षणभर आईच्या हातची सुकटीची चटणी जिभेवर आली. सोबत केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा गोळा, कणसाच्या पातीत गुंडाळून उकडलेला. पातोळ्या खाणाऱ्या माणसाला पान सोडून खायला कोण शिकवणार! पाणी मात्र बाटलीतलं किंवा शिक्का असलेल्या पिशवीतलं.

आणि अक्रात देऊळ आहे. घानाचेच एक गृहस्थ, स्वामी घनानंद सरस्वती, यांनी १९७५ मध्ये स्थापलेला हिंदू मठ. आरती म्हणणारी मंडळी बहुतेक तिथलीच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाच ओळी आठवेनात आणि शेजारचा तिथला पोरगा घडाघड म्हणत होता.

देवगड तालुक्यातून एक तरुण विचारतो: घानातल्या टाकोराडी बंदरात तेलविहिरींच्या बोटीवर काम आहे. एजंट अडीच लाख मागतो. आता टुरिस्ट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर कामाचा करून देऊ म्हणतो. समुद्री चाचे असतात हे खरं का?

झिला, चाचे राहू देत, आधी तुझ्या एजंटाचं बघू.

टाकोराडीला काम असतं हे खरं. २००७ मध्ये तिथल्या समुद्रात तेल सापडलं, २०१० पासून उपसा चालू आहे. आता हे वाच आणि बापाला वाचून दाखव. खलाशाला नोकरी लावणाऱ्याकडे जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो, त्याला आरपीएसएल म्हणतात. नंबर माग आणि महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तो चालू आहे का बघ. नाव, पत्ता जुळतो का तेही. दुसऱ्याच कंपनीचा नंबर लेटरहेडवर छापणारे महाभाग आहेत. तिसरं, खलाशाकडून नोकरीबद्दल पैसे घ्यायचेच नसतात. सागरी कामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे तुझा खर्च पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, आणि वैद्यकीय दाखल्यापुरता. व्हिसाचा खर्चसुद्धा मालकाचा. मग अडीच लाख कसले?

जो खरोखर बोटीवर चढायला जातो त्याच्या हातात सीडीसी, करारपत्र आणि तिथल्या जहाज-एजंटाचं पत्र असतं. टुरिस्ट म्हणून गेलास आणि बॉयलर सूट घालून सापडलास तर तो गुन्हा तुझा, एजंटाचा नव्हे. तो कणकवलीत चहा पीत असेल. टेमाच्या बंदरावर मला रायगडातला एक पोरगा भेटला होता. बोटीचा मालक गायब, पगार नाही, पासपोर्ट कप्तानाच्या कपाटात, कप्तान घरी. चार महिने भात आणि टोमॅटोची प्युरी. त्याच्याकडे करारच नव्हता, मग भांडायचं कुणाशी? शेवटी अक्रातल्या भारतीय उच्चायोगाने कागद करून घरी पाठवला. त्याने मला विचारलं ते एकच: "काका, आंबे संपले काय ओ?"

चाच्यांचं म्हणशील तर गिनीच्या आखातात ते होतेच. २०२० मध्ये जगभरात जहाजांवरून १३५ खलाशी पळवले, त्यातले १३० याच आखातातून. नंतर हा आकडा खूप खाली आला. प्रकार पूर्ण थांबलेले नाहीत. चांगली कंपनी त्या पाण्यात रात्रीचा पहारा वाढवते, लपायची मजबूत खोली तयार ठेवते. हे मुलाखतीत विचार, तिथल्या माणसाला राग आला तर समजून जा. पण चाचे नसतानाही माणूस अडकतो. 'हिरोइक इदुन' हे तेलवाहू जहाज ऑगस्ट २०२२ मध्ये इक्वेटोरियल गिनीने अडवलं, मग नायजेरियाच्या ताब्यात गेलं. २६ जणांत १६ भारतीय होते. सुटले मे २०२३ मध्ये. त्यांच्या मागे कंपनी होती, वकील होते, सरकार होतं. तुझ्या मागे कोण, अडीच लाखवाला?

पैसे दिले असशील तर आजच पोलिसात जा. नसशील दिले तर उत्तमच.

रत्नागिरीचे एक निवृत्त शिक्षक: मी ६७, सौ. ६३. गुलामांच्या व्यापाराचे किल्ले पाहण्याची फार दिवसांची इच्छा आहे. या वयात लस चालेल का? समुद्रस्नानाचाही विचार आहे.

सर, लशीत जिवंत जंतू असतात, क्षीण केलेले. साठीनंतर पहिल्यांदाच घेतली तर गंभीर त्रासाचा धोका तरुणांपेक्षा थोडा जास्त, म्हणून केंद्रावर जाण्याआधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांशी निवांत बोला. अंड्याची ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर ते आवर्जून सांगा. डॉक्टरांनी नको म्हटलं तर लस न घेण्याचा वैद्यकीय दाखला मिळतो. पण तो चालेल का हे तिकीट काढायच्या आधी घानाच्या उच्चायोगाकडून लेखी घ्या. आणि परत येताना मुंबईतल्या सहा दिवसांची तयारी ठेवा.

किल्ल्यांसाठी मात्र जरूर जा. एल्मिना पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधायला घेतला, वास्को द गामा कालिकतला लागायच्या सोळा वर्षं आधी. जांभ्याचा नाही, पण समुद्राकडे तोंड करून बसायची ढब रेवदंड्याची, कोर्लईची. पुढे १६३७ मध्ये डचांनी घेतला. केप कोस्टचा इंग्रजांचा. तळघरात वाटाड्या दिवा मालवतो आणि कोपऱ्यात हाताएवढी एकच फट उरते. त्यानंतर जो दरवाजा थेट समुद्रावर उघडतो, त्यातून गेलेलं कुणी परत आलं नाही. मी बाहेर आलो तर त्याच दरवाजासमोर रंगीत होड्या ओढलेल्या, जाळी वाळत घातलेली, बायका मासळीचा लिलाव करत होत्या. दोन्ही एकाच जागी बघून मला काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही.

समुद्रस्नान नको, सर. गणपतीपुळ्याला दरवर्षी पुण्या-मुंबईचे लोक का बुडतात ते तुम्ही जाणता. तिथली ओढ त्याहून वाईट. किनारा सुंदर, उतार एकदम आणि लाट परतताना पाय सुटतात. तिथले कोळीसुद्धा उगाच पाण्यात शिरत नाहीत. अक्राच्या किनाऱ्यावरचे गा लोक मंगळवारी जाळी टाकतच नाहीत. मंगळवार समुद्राच्या देवाचा. आपण नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतो, ते आठवड्यातून एकदा. मंगळवारी सकाळी जा, सगळे कोळी जाळी शिवत निवांत बसलेले असतात, गप्पा मारतात. वार विचारतील, जन्माचा. माझा बुधवार, म्हणून मी तिथं बारा वर्षं "क्वाकू". हात पुढे करताना, पैसे देताना उजवाच. डाव्या हाताने दिलं तर अपमान. हे तुम्हाला शिकवायला नको.

सावंतवाडीहून, नाव न छापण्याच्या अटीवर: अक्रामधील एका महिलेशी फोनवर ओळख झाली आहे. तिच्या वडिलांचे सोने अडकले आहे, सोडवण्यास थोडे पैसे पाठवल्यास निम्मे मला देणार आहे. जाऊन यावे का?

नको. पैसेही नकोत. ती बाई बाईच आहे की नाही इथपासून शंका. घानात २०२५ च्या मेपासून परदेशी माणसाला तिथल्या बाजारात सोनं घ्यायची-विकायचीच बंदी आहे, सगळा व्यवहार सरकारी गोल्डबोर्डामार्फत. पुन्हा फोन आला तर उचलू नका, आणि किती पाठवलेत ते बायकोला सांगून टाका.

मालवणच्या एका वाचकाचा छोटा प्रश्न: भाऊ सैन्यात आहे, त्याने दिलेल्या मिलिटरी रंगाच्या दोन पँटी मजबूत आहेत. प्रवासाला चालतील ना?

अजिबात नाही. घानात साध्या नागरिकाने त्या ठिपक्यांचे कपडे घालायला कायद्याने मनाई आहे. पँटी घरी ठेवा, टोपीसुद्धा. विमानतळ, बंदर, छावणी, राष्ट्राध्यक्षांचं जुबिली हाउस, यांचे फोटो काढू नका. मी टेमाच्या धक्क्यावर आमच्याच कंटेनरचा फोटो काढला तर शिपायाने अर्धा तास बसवून ठेवला होता, आणि शेवटी त्यानेच फोन घेऊन तो एक फोटो पुसला. अडचण आली तर तिथेही ११२ लावायचा, तोच नंबर आहे.